पन्नाशीला पन्नास फटके

पन्नाशी हा माणसाच्या आयुष्यातला मागे वळून पाहण्याचा टप्पा असतो. मीही वळून पाहिलं. पुढे मारलेला चेंडू समोरच्या बाभळीवर खाडकन आपटला होता आणि माझ्या डोक्यावरून मागे जाऊन घारपुरे साहेबांच्या जीपच्या चाकाशी टेकला होता.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, चिंचाळकर," साहेब जीपमधूनच म्हणाले. "आत्याबाई, मोजताय ना?"

"मोजतेय की," मनूआत्या म्हणाली. तिने छत्री काखेत धरली, हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. देवाचं नाव असावं. त्याची गरज होतीच.

साहेबांनी चेंडूवरून चाक जाणार नाही अशा बेताने जीप वळवली आणि पुढच्या खड्ड्याकडे निघून गेले. त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी निकामी झाली होती. त्यामुळे ते प्रत्येक खड्ड्यापाशी जीपमध्ये थर्मास घेऊन बसत आणि माणूस येईल त्याची वाट बघत. कारखान्यातही त्यांची पद्धत हीच होती.

हा वडजळ सिमेंटचा कारखाना. त्याच्या पहिल्या स्कॉटिश मॅनेजरला घरची फार आठवण येई म्हणून त्याने भट्ट्या आणि ओढा यांच्या मधल्या माळावर नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान आखलं. त्याच्या घरी बहुधा बाभळी नसाव्यात. पाण्याअभावी हिरवळ जगेना, तेव्हा प्रत्येक खड्ड्याभोवती वाळूत जळकं तेल कालवून एक सपाट गोल जागा केली गेली. जगात इतरत्र तिला ग्रीन म्हणतात. वडजळला तेवढा धीर कुणाला झाला नाही, तिथे ब्राऊन म्हणत. आणखी एक खुलासा करून ठेवतो. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात, आणि खेळून झाल्यावर ज्या इमारतीत बसतात तिलाही क्लबच म्हणतात. म्हणून मी काठीला काठीच म्हणणार आहे.

मी कारखान्याचा जनसंपर्क अधिकारी होतो. जनसंपर्क म्हणजे 'दृढबंध' नावाची गृहपत्रिका काढणं. त्या महिन्याच्या अंकात शेवटच्या पानाचा तळ रिकामा राहत होता. तो भरायला मी चार ओळी खरडल्या: संपादक पन्नाशीत पदार्पण करीत असून, त्या दिवशी नऊ खड्डे पन्नास फटक्यांत पूर्ण करण्याचा त्यांचा संकल्प आहे. अंक कुणी वाचत नसे, हे मला संपादक या नात्याने ठाऊक होतं. घारपुरे साहेबांनी वाचला.

"हे तुम्ही लिहिलंय?" त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं.

"हो साहेब. जरा विनोदी अंगाने—"

"मला विनोद दिसला नाही. संकल्प दिसला." त्यांनी अंक टेबलावर ठेवला आणि त्यावर चष्मा ठेवला. "पाथरझऱ्याच्या खाणीवर प्रशासन बघायला माणूस द्यायचाय. तुम्ही किंवा स्टोअर्सचे पाटसकर. दोघंही सारखेच—" ते योग्य शब्द शोधत थांबले. "सारखेच उपलब्ध आहात. मला झोप नाही, चिंचाळकर. माणसाच्या आयुष्याचा निर्णय असा हवेत कसा घ्यायचा? काहीतरी निकष पाहिजे."

"म्हणजे गोल्फ?"

"संकल्प. माणूस स्वतःचं म्हणणं पाळतो की नाही. पन्नासात केलंत तर तुम्ही इथे, पाटसकर तिकडे. एक जरी जास्त झाला तर उलट."

"साहेब, माझा आजवरचा सगळ्यांत चांगला आकडा एकसष्ट आहे."

"मग साठीला लिहायचं होतंत."

पाथरझरा म्हणजे रात्रभराचा प्रवास करून जंगलात उतरल्यावर आणखी पुढे. चुनखडीची खाण, कामगारांची वस्ती, चौथीपर्यंतची शाळा आणि अधिकाऱ्यासाठी एकट्याची खोली. कुटुंब न्यायची सोयच नव्हती. तिथे आधी असलेले गृहस्थ परत आले तेव्हा हिवताप आणि स्वतःशी मोठ्याने बोलायची सवय घेऊन आले होते. माझी मुलगी मुग्धा त्या वर्षी बारावीला होती. माझी बायको वासंती कॉलनीच्या शाळेत गणित शिकवायची, आणि तिची नोकरी जूनमध्ये कायम व्हायची होती. मी गेलो असतो तर निवृत्तीपर्यंत आमचं घर दोन टोकांना राहिलं असतं.

"हरलात तर मी पोचवायलाही येणार नाही," वासंतीने केबिनमधली हकिगत ऐकल्यावर सांगितलं. "आत्ताच सांगते, म्हणजे तेव्हा तुम्हाला धक्का नको."

"मी हरणारच असं कशाला धरून चालायचं?"

"धरून नाही चालले. ट्रंक माळ्यावरून काढून ठेवलीय फक्त. जड आहे, ऐन वेळी निघायची नाही."

मग ती माझ्याबरोबर दोन संध्याकाळी मैदानावर आली, एका दगडावर बसली आणि शाळेतल्या कच्च्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने निदान केलं.

"तुमचा हात बरा आहे. डोकं मध्ये येतं. किती झाले, किती उरले, एवढंच तुमचं चाललेलं असतं. परवा सहाव्या खड्ड्यापर्यंत छान होतात. हिशेब केलात आणि काठी मातीत घातलीत."

"मग काय करू? मोजू नको?"

"नकाच मोजू. एकोणतीसचा पाढा म्हणा. तो म्हणताना दुसरा कुठलाही आकडा डोक्यात शिरत नाही. माझा अनुभव आहे, मुलांच्या डोक्यात तोही शिरत नाही."

प्रश्न उरला मोजायचं कुणी. साहेब जीपमध्ये, मी पाढ्यात. पाटसकरांनी मोजायची तयारी दाखवली होती, पण निकालावर त्यांचीही बदली टांगलेली, म्हणून साहेबांनी ती नाकारली. पाटसकर वाईट माणूस नव्हता, हीच खरी अडचण होती. ते हार्मोनियम वाजवायचे, त्यांची म्हातारी आई त्यांच्याजवळ असायची. माझ्या वाढदिवसाच्या सकाळी क्लबच्या व्हरांड्यात त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा तो माझ्या हाताइतकाच ओला होता.

"तुमचं चांगलं होवो, असं म्हणता येत नाही हो," ते म्हणाले. "पण प्रकृतीला जपा."

त्याच वेळी मनूआत्या हातात निरांजनाचं ताट घेऊन व्हरांड्यात आली. ती आदल्या दिवशी मुद्दाम मला ओवाळायला आली होती आणि मी घरातून निसटल्यामुळे माझ्या मागोमाग क्लबात पोचली होती. सगळ्या अधिकाऱ्यांसमोर तिने मला ओवाळलं, सुपारी फिरवली, आणि माझ्या कपाळाला लावून उरलेलं कुंकू साहेबांनाही लावलं.

"तुम्ही इथले कोण?" तिने विचारलं.

"जनरल मॅनेजर."

"असू दे. सुखी राहा."

साहेब खूश झाले. त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी असा आशीर्वाद दिला नसावा. "चिंचाळकर, या कोण?"

"माझी आत्या, साहेब. सासरी चाळीस वर्षं धान्याचं कोठार तिच्या हातात होतं. गड्यांची ज्वारी तीच मापून द्यायची. मापात कधी दाण्याची चूक झाली नाही तिच्या हातून."

हे मी निव्वळ अभिमानाने म्हणालो. साहेब मात्र उठून उभे राहिले, म्हणजे गुडघा जितकं उठू देईल तितके.

"आत्याबाई, तुम्हाला गोल्फ कळतं?"

"काय कळतं?"

"झालं!" साहेबांनी टाळी वाजवली. "ज्याला खेळ कळतो तो बाजू घेतो. आज आत्याबाई मोजणार. हा प्रत्येक खड्ड्यापर्यंत चेंडूला किती वेळा मारतो एवढंच मोजायचं आणि मला आकडा सांगायचा. मी लिहीन. यांचा शब्द अखेरचा, सगळ्यांनी ऐका. तुम्हा दोघांपैकी ज्याने यांच्या मोजणीबद्दल कुरकुर केली, त्याची बदली. बाकी काही बघणार नाही."

"एवढंच ना?" आत्या म्हणाली. "मुक्या, चल. ऊन व्हायच्या आत आवरू."

माझं नाव मुकुंद. कारखान्याचा जनसंपर्क करणाऱ्या माणसाला मुक्या म्हणतात, हे त्या दिवशी सगळ्या व्हरांड्याला कळलं.

तर चेंडू जीपच्या चाकापाशी होता. मी पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस. चेंडू बाभळीच्या डावीकडून गेला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. हातातली काठी हलकी वाटायला लागली. पहिल्या ब्राऊनवर पोचलो आणि चेंडू खड्ड्यात पडला तेव्हा मी एकोणतीस चोक सोळोदरसेवर होतो आणि किती फटके झाले याचा मला खरोखरच पत्ता नव्हता.

"किती, आत्याबाई?"

"सहा."

साहेबांनी भुवया उचलल्या आणि लिहिलं. माझा चेंडू जिथून सुरू झाला ते बघता, सहा हा आकडा मला उदार वाटला. पण मोजू नको असं बजावलेलं होतं, आणि कुरकुर केल्यास बदली होती.

दुसऱ्या खड्ड्याला पाच. तिसऱ्यालाही पाच. आत्या छत्री उघडून माझ्या मागून यायची, प्रत्येक खड्ड्याच्या सुरुवातीला हात जोडून पुटपुटायची, आणि मग एक अक्षर न बोलता, उजव्या हाताची बोटं मिटत, चेंडूवर नजर ठेवून चालायची. फक्त दोन फटक्यांच्या मधे तिला माझ्याशी बोलावंसं वाटे.

"एवढाल्या रानात एवढासा चेंडू. चार पोती ज्वारी निघाली असती."

"आत्या, आत्ता नको."

"बरं. हरलास तर काय होईल?"

"बदली. पाथरझऱ्याला. एकटं जावं लागेल."

"वासंती सकाळी ट्रंक पुसत होती. मला म्हणाली, धूळ बसलीय."

एकोणतीस पंचे पंचेचाळासे. तो फटका मी जन्मात मारला नव्हता इतका लांब गेला. राग कधीकधी कामाला येतो.

चौथा खड्डा, सहा. पाचवा, चार. पाचव्यावर साहेब जीपमधून खाली उतरले. "चार? या खड्ड्याला मला पाच लागायचे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. आत्याने चार बोटं त्यांच्या नाकासमोर धरली. साहेबांनी चार लिहिले.

सहाव्यानंतर मला जाणवलं की साहेब गप्प झाले आहेत. सुरुवातीला ते थर्मासमधला चहा पीत गंमत बघायला आलेल्या माणसासारखे होते. आता ते कागदाकडे बघत, मग माझ्या हाताकडे बघत. सातव्यापाशी त्यांनी माझ्या काठीची मूठ हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. क्लबचा व्हरांडा आता दिसायला लागला होता. कठड्याशी निळी साडी होती, ती वासंती. तिच्यापासून चार हातांवर पांढरा शर्ट होता, ते पाटसकर. मैदानाचा आराखडा स्कॉटिश मॅनेजरने असा केला होता की शेवटचे तीन खड्डे क्लबच्या दिशेने यावेत. घरी परतल्यासारखं वाटायला असेल. मला सर्कशीतल्या वाघासारखं वाटत होतं.

आठव्याला माझा चेंडू दोनदा रेतीत रुतला. मी पाढा एकोणतीस सक चौऱ्याहत्तरासेपर्यंत आणला आणि साते आठवेना. शाळेतही तिथेच अडायचो. तेवढ्या फटीतून भीती आत आली. खड्ड्याच्या तोंडाशी आलेला चेंडू मी दोन बोटं बाजूने घालवला.

"सात," आत्या म्हणाली.

साहेबांनी बेरीज केली. खरं तर ती मला सांगू नका, असं मी सकाळीच त्यांना विनवलं होतं. त्यांनी ती सांगितली, आणि अगदी प्रेमाने सांगितली.

"चव्वेचाळीस झालेत, चिंचाळकर. सहा उरले. शेवटच्या खड्ड्याला सहा. सातवा लागला तर पाथरझरा."

झालं. वासंतीचा सगळा पाढा त्या एका वाक्याने पुसून गेला. डोक्यात एकच आकडा उरला, आणि तो सहा होता.

नववा खड्डा रस्त्याला लागून सरळ क्लबपर्यंत येतो. मधे एक कोरडा नाला. साहेबांनी जीप रस्त्यावर घातली आणि माझ्या पावलाच्या वेगाने माझ्या बरोबर चालवू लागले. सबंध खेळात पहिल्यांदा ते प्रत्येक फटका बघणार होते. आत्याने हात जोडले, पुटपुटली. मी मारला.

चांगला गेला. नाल्याच्या अलीकडे, उघड्यावर, सपाट जागी.

"बरा आहे," जीपमधून आवाज आला.

मी मनात मोजलं: एक. आता मोजल्याशिवाय राहणं शक्यच नव्हतं. दुसरा फटका नाला ओलांडायला मारला आणि मारतानाच कळलं की खांदा आधी वळला. चेंडू नाल्यात उतरला, दगडावर टक्कन वाजला आणि दिसेनासा झाला. दोन. मी नाल्यात उतरलो. चेंडू दोन दगडांच्या बेचक्यात होता. तिसऱ्याला दगडच लागला, मनगट झिणझिणलं, चेंडू वीतभर सरकला. तीन. चौथ्याला चेंडू वर आला, त्याच्यामागून धापा टाकत मीही आलो. व्हरांड्यातली माणसं कठड्यावरून वाकली होती. पाटसकर वाकले नव्हते. ते खांबाकडे तोंड करून उभे होते.

पाचव्या फटक्याला चेंडू ब्राऊनवर पोचला आणि खड्ड्यापासून जेमतेम चार हातांवर थांबला. उरला एक.

साहेबांनी जीप बंद केली. इतकी शांतता झाली की भट्टीचा आवाज ऐकू यायला लागला. एरवी तो चोवीस तास असतो म्हणून ऐकू येत नाही. दोन भट्ट्यांपैकी एकीचाच येत होता. दुसरी दिवाळीपासून थंड होती.

मी वाळू सारखी केली. चेंडूच्या मागे उभा राहिलो. वासंतीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि तिचे ओठ हलत होते. ती पाढा म्हणत होती. माझ्या वाटचा.

मी मारला. चेंडू सरळ निघाला, तेलकट वाळूवर रेघ ओढत खड्ड्याच्या कडेपर्यंत गेला आणि कडेवर थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर. कुणी टाळी वाजवली असती तर पडला असता. कुणी वाजवली नाही.

सहा.

मी चालत गेलो आणि काठीच्या टोकाने त्याला ढकललं. आत पडल्याचा आवाज आला. सात.

"सात," साहेब म्हणाले आणि जीपमधून उतरले. "एक्कावन्न. वाईट वाटतं, चिंचाळकर. एका फटक्याने." त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. निकष फार काटेकोर निघाला होता.

मी वाकून चेंडू काढला. उठावंसं वाटत नव्हतं.

"सहा," माझ्या मागून आत्या म्हणाली.

"आत्याबाई, सात. हा खड्डा मी सबंध पाहिलाय."

"सहा. मुक्या, पाणी आहे का रे?"

"आत्या, सात झाले," मी म्हणालो. "या खेपेला मीसुद्धा मोजले."

"तुला कुणी मोजायला सांगितलं होतं?"

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही मोजणीबद्दल कुरकुर करताय?"

"नाही साहेब. माहिती दिली."

व्हरांड्यातून माणसं खाली यायला लागली. पाटसकर सगळ्यांत पुढे होते. त्यांनी तोंड उघडलं, साहेबांकडे पाहिलं, नियम आठवला आणि तोंड मिटलं. वासंती पायरीवरच थांबली.

"आत्याबाई," साहेब लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "एकदा मोजून दाखवा बरं. बोटांवर."

आत्याने छत्री माझ्या हातात दिली आणि तळवा पुढे धरला. "तिथून, त्या पांढऱ्या खुंटीपासून मारला, तो लाभ. मग नाल्यात घातला, तो एक. दगडावर हाणला, दोन. वर काढला, तीन. इथे आणून ठेवला, चार. कडेला आणून अडकवला, पाच. ढकलला, सहा."

"आणि पहिला?"

"सांगितलं की. लाभ."

"लाभ म्हणजे काय?"

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कसल्या माणसांत नोकरी करतोस, असं विचारतेय.

इथे मला सांगणं भाग आहे. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सगळीकडे लाभ हाच एक धरतात आणि पुढे दोन म्हणतात. आत्याच्या सासरी तसं नव्हतं. तिथे लाभ देवाचा म्हणून बाजूला काढत आणि पुढच्या मापाला एक म्हणत. पहिलं माप हिशेबात कधीच येत नसे. तिच्या मापात दाण्याची चूक नव्हती, हे मी व्हरांड्यात सांगितलं ते खरंच होतं. दाणे कुठून मोजायला सुरुवात करायची, हे मी विचारलं नव्हतं.

साहेब इंजिनीअर होते, जर्मनीत शिकलेले. हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू वर चढताना दिसला.

"आत्याबाई, हे लाभ फक्त याच खड्ड्याला?"

"असं कसं? रास बदलली की लाभ नवा. नऊ राशी होत्या तुमच्या."

"म्हणजे नऊ लाभ."

"देव नऊ वेळा पावला तर नको म्हणू नये."

"एकोणसाठ," वासंती पायरीवरून हळूच म्हणाली. गणिताच्या बाईंना राहवलं नाही. मग तिने हात तोंडावर धरला.

एकोणसाठ म्हणजे माझा आजवरचा सगळ्यांत चांगला आकडा. हे त्या क्षणी कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि मीही ते बोलून दाखवलं नाही.

साहेबांनी पेन काढलं. "आत्याबाई, ते नऊ धरावे लागतील."

"तुम्ही तर म्हणालात, माझा शब्द शेवटचा."

"म्हणालो. पण मोजणी म्हणजे—"

"धरा की. तुमचं रान, तुमचा चेंडू, तुमचा कागद. मी म्हातारी काय बोलणार?" आत्याने छत्री माझ्या हातातून घेतली आणि मिटली. "पण एकदा देवाचं म्हणून बाजूला काढलेलं माप परत ओढून राशीत टाकलं की रास बसते. एवढं आपलं सांगून ठेवते. आमच्या धाकट्या दिरांनी एकदा टाकलं होतं."

"मग?"

"मग काय. केवढं कोठार होतं त्यांचं! आता पोरं दुसऱ्याच्या वखारीत बसून पोती शिवतात."

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. त्यांची नजर मैदानावरून, ओढ्यावरून भट्ट्यांकडे गेली. एका धुराड्यातून धूर येत होता. दुसरं नुसतं उभं होतं. ती भट्टी पेटावी म्हणून त्यांनी परदेशातून दोन तज्ज्ञ आणवले होते. ते गेल्यावर कंट्रोल रूमच्या मागच्या खोलीत सत्यनारायणही घातला होता, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि 'दृढबंध'मध्ये मी ते छापलं नव्हतं.

पाटसकरांच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघून भुवईत अडकला. ते तो पुसत नव्हते. एक शब्द त्यांच्या बाजूचा होता, नव्हे, सगळं अंकगणित त्यांच्या बाजूचं होतं, आणि तो उच्चारला की बदली होती.

"रास बसते म्हणजे," साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "फक्त धान्याची?"

"ज्याची असेल त्याची."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"पन्नास," ते मोठ्याने म्हणाले. "नऊ फटके कंपनीच्या हितासाठी वगळण्यात येत आहेत. अभिनंदन, चिंचाळकर."

वासंती जिथे उभी होती तिथेच पायरीवर बसली. पाटसकरांनी शेवटी घाम पुसला. मग ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मी काहीतरी बोलणार होतो.

"नको," ते म्हणाले. "आईला सांगायचंय मला आधी." आणि गेले.

"हा कोण रे?" आत्याने विचारलं.

"पाटसकर. आता माझ्या जागी ते जाणार पाथरझऱ्याला."

"अरे देवा." ती त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. "मग त्यालाही ओवाळायला हवं होतं."

महिनाअखेरीस पाटसकर हार्मोनियम घेऊन पाथरझऱ्याला गेले. पुढच्या मार्चमध्ये वडजळचा कारखाना कायमचा बंद झाला. खाण अजून चालू आहे.